हलवला की हरवला

मित्रांनो, मी एक मोबाइल फोन आहे. वय साडेतीन वर्षे, म्हणजे आमच्यात म्हातारपणच. माझ्या काचेच्या डाव्या कोपऱ्याला तडा गेला आहे आणि त्यावर जखमेला लावतात ती पांढरी चिकटपट्टी आहे. पाठीवर एक कागद डकवला आहे, त्यावर आकडा आहे १४७. हेच माझे नाव. आज मला माझी सगळी हकीकत सांगून टाकायची आहे, कारण उद्या ती सांगणे मला जमणार नाही. का, ते ओघाने कळेलच.

माझा जन्म एका मोठ्या, थंडगार, पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडले, पुसले, उलटसुलट करून पाहिले आणि डब्यात घातले. डब्यात पडल्या पडल्या मी स्वप्ने रंगवत होतो. आपण एखाद्या दुकानात काचेआड बसू. कुणीतरी हट्ट करून आपल्याला घरी नेईल. मग गाणी ऐकवू, खेळ खेळू, पोराबाळांचे फोटो काढू, घरातले रुसवेफुगवे कानोकानी पोहोचवू. माझा कॅमेरा फार चांगला आहे. हे मी बढाई मारायला सांगत नाही. पुढे कामाला येणार आहे म्हणून सांगतो.

पण माझ्या नशिबी दुकान नव्हते. आम्हा दोनशे भावंडांना एका खोक्यात कोंबून एका संस्थेत पाठवले. ही संस्था घरोघर परिचारिका पाठवते. अंथरुणाला खिळलेली माणसे, बाळंतिणी, ऑपरेशन होऊन घरी आलेले लोक, अशांची सेवा या परिचारिका त्यांच्या घरी जाऊन करतात. संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर एक खोली आहे. तिथे एक गृहस्थ बसतात. सडपातळ, अर्धे टक्कल, आवाज मऊ. सगळे त्यांना कुलूपसाहेब म्हणतात. त्यांनी मला डब्यातून काढले, एक चौकोनी ठिपक्यांचे चित्र दाखवले आणि माझ्यात एक सॉफ्टवेअर उतरवले. तिथून माझे स्वातंत्र्य संपले.

त्या सॉफ्टवेअरचे खरे नाव मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट. एवढे नाव घेईपर्यंत चहा गार होतो, म्हणून परिचारिकांनी त्याचे नाव सासूबाई ठेवले. मी पुल्लिंगी असूनही त्या दिवसापासून सून झालो. काय उघडायचे, काय झाकायचे, कुणाशी बोलायचे, कुठवर जायचे, सगळे सासूबाई ठरवणार आणि सगळ्याची खबर तिसऱ्या मजल्यावर देणार. माझी गाणी गेली, खेळ गेले. उरली सहा चित्रे: फोन, नकाशा, भेटींची वही, औषधांची यादी, ऑफिसचे निरोप आणि कॅमेरा. तो कॅमेराही वहीतूनच उघडायचा आणि फोटो वहीतच ठेवायचा. बाहेर कुणालाही पाठवायची सोय नाही. मला बंद करायचे बटणसुद्धा सासूबाईंनी काढून घेतले. विमानात बसल्यावर नेटवर्क तोडतात, ते बटणही नाही. सिम माझ्या पोटातच बसवलेले, ते बाहेर काढता येत नाही. थोडक्यात, मला डोळा मिटायची परवानगी नाही.

वाटप व्हायच्या आधी मी चार दिवस कुलूपसाहेबांच्या टेबलावर पडून होतो. तिथे मी हजेरीकाकांना पाहिले. ते संस्थेचे सर्वांत जुने कारकून. कोण कुठल्या गटात, कुणाकडे काय सामान, हे सगळे त्यांच्या लांबलचक वहीत. अक्षर मोत्यासारखे, पण जिभेला 'र' म्हणता येत नाही. प्रत्येक 'र'चा 'ल' होतो.

"साहेब, हे नवे फोन लजिस्टलला चढवू का? दुपालपल्यंत होईल."

खोलीतली बाकीची मंडळी तोंडावर रुमाल धरून हसत. कुलूपसाहेब कधी हसले नाहीत. ते काकांच्या प्रत्येक 'ल'चा मनातल्या मनात 'र' करून घेत आणि पटकन उत्तर देत, म्हणजे काकांना एक शब्दही दुसऱ्यांदा बोलावा लागत नसे. काकांच्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर त्याचे किती समाधान दिसे! मी तेव्हा मनाशी म्हटले, मला कोंडणारा माणूस निदान भला आहे.

मग मी ताईच्या हाती आलो. ताई परिचारिका. ठेंगणी, झपाझप चालणारी, बोलायला फटकळ आणि हाताने फार हलकी. तिने मला हातात घेतले, सहा चित्रे पाहिली आणि म्हणाली, "एवढंच? बिचारा." तेवढ्यावर माझा तिच्यावर जीव जडला.

पहिल्याच आठवड्यात तिने माझ्या पडद्यावर तिच्या भाचीचा फोटो लावला. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. मला वाटले, चला, आपलेही घर झाले. दहा मिनिटांत सासूबाईंनी फोटो काढून संस्थेचे चिन्ह परत लावले. एकदा भेटी संपवून ताई वाटेत बहिणीकडे डोकावायला निघाली, तर मी भर रस्त्यात बोंबललो: "आपण नेमून दिलेल्या मार्गाबाहेर आहात." बहीण वर गॅलरीत उभी, ताई खाली फुटपाथवर. "अगं, ये ना वर!" "कशी येऊ? हा ओरडतोय बघ!" शेवटी दोघी तशाच खालून-वरून पाच मिनिटे बोलल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ओरडायचे माझ्या मनात नव्हते, मित्रांनो. पण माझा आवाज माझा नाही.

तरी खोटे कशाला बोलू, एकदा सासूबाईंचा मला अभिमान वाटला होता. ताई मला बसमध्ये विसरली. मी तीन अनोळखी हातांतून फिरलो. त्यांनी मला उघडायला जंग जंग पछाडले. माझ्या पोटात तेव्हा अकरा माणसांची दुखणी होती, त्यांचे पत्ते होते, उघड्या पाठींचे फोटो होते. सासूबाई दारात आडव्या पडल्या, कुणाला आत येऊ दिले नाही. दुसऱ्या दिवशी कंडक्टरने मला परत आणून दिले. संस्थेच्या सभेत कुलूपसाहेबांनी मला उंच धरून दाखवले आणि टाळ्या झाल्या. माझ्या आयुष्यातले कौतुक ते एवढेच. त्या दिवसापासून नवा नियम आला: फोन हरवल्याची खबर आली की पाच मिनिटांच्या आत तो लांबून कोरा करायचा. विचारपूस मागाहून.

आता मास्तरांकडे येतो.

मास्तर म्हणजे शिंपी. एका जुन्या इमारतीच्या तळघरात त्यांचे दुकान आणि त्यामागे घर. अकरा पायऱ्या उतरून जायचे. खाली दिवसाही दिवा लागतो आणि नेटवर्कचा टिपूस पोहोचत नाही. गिऱ्हाइकांसाठी भिंतीवर तारेचा जुना फोन आहे, तोच त्यांचा जगाशी संबंध. मास्तरांचे शिवणयंत्र पायाने चालते. उजवा पाय रेटतो, डावा सांभाळतो, असे ते सांगत. मधुमेहाने त्या उजव्याच पायाला तळव्याशी जखम झाली. वाढत वाढत ती एवढी झाली की मोठ्या दवाखान्यातल्या सर्जननी स्पष्ट सांगितले, "दीड महिना देतो. जखम भरत असेल, तर रोजचे फोटो आणून दाखवा. नुसतं 'बरं वाटतंय' मला चालणार नाही. भरत नसेल तर घोट्यापासून पाय काढायचा, नाहीतर विष वर चढेल."

म्हणून ताई रोज सकाळी त्या अकरा पायऱ्या उतरू लागली. पट्टी सोडायची, जखम धुवायची, शेजारी सेंटिमीटरची कागदी पट्टी ठेवायची आणि माझ्या डोळ्याने फोटो घ्यायचा. मास्तर मान दुसरीकडे वळवत. त्यांची बायको, जिला ताई काकू म्हणे, दिवा धरून उभी राही. पहिल्या दिवशी जखम सहा सेंटिमीटर लांब होती. मी फोन असून मला ती बघवली नाही. पण रोज पाहत गेलो आणि मला कळू लागले. ती आक्रसत होती. आज केसभराने, उद्या तांदळाच्या दाण्याएवढ्याने. नुसत्या डोळ्यांना हे कळले नसते, कारण जखम लहान झाली तरी दिसायची भेसूरच. हे एकट्या मला ठाऊक होते. दीड महिन्यात अडतीस फोटो माझ्या पोटात जमले.

पोटात जमले आणि पोटातच राहिले. फोटो फक्त ऑफिसच्या वायफायवर वर चढवायचे असा नियम. ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला आणि ताईच्या गटातली एक परिचारिका बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून हिच्यावर दुप्पट भेटी. सासूबाई रोज सकाळी विचारत: फोटो चढवायचे बाकी आहेत, आता की नंतर? ताई बसमध्ये लोंबकळत 'नंतर' दाबे. वहीत माप लिहावे म्हटले, तर वहीला जखमेच्या मापाचा रकानाच नाही. 'ड्रेसिंग केले: होय, नाही' एवढेच ती विचारते. असे ते सगळे सत्य माझ्या एकट्याच्या कोठडीत होते.

शुक्रवार उजाडला. आजच. एक वाजता सर्जनकडे जायचे होते. त्यांनी मास्तरांसाठी एक खाट धरूनही ठेवली होती. कापायचे ठरले तर आजच भरती, आजच ऑपरेशन, कारण उद्यापासून ते रजेवर. ताई नऊ वाजता तळघरात उतरली. मला शिवणयंत्राच्या फळीवर ठेवले आणि शेवटचे ड्रेसिंग करू लागली. आज काकूंनी मास्तरांना इस्त्रीचा सदरा घातला होता. 

पावणेदहाला भिंतीवरचा फोन खणखणला. त्या फोनचा आवाज सबंध खोलीत ऐकू जातो. काकूंनी उचलला आणि ताईकडे दिला.

"ताई, मी कुलूपसाहेब बोलतोय. तुम्ही तिथंच असाल म्हणून यादीतला नंबर बघून लावला. अजिबात घाबरू नका. तुमचा फोन मी पुसायला टाकलाय."

"कुठला फोन?"

"तुमचा. एकशे सत्तेचाळीस. पुन्हा हरवला ना?"

"हरवला? अहो, माझ्या डोळ्यांसमोर मशीनवर पडलाय!"

"पण हजेरीकाका म्हणाले..."

"काय म्हणाले? शब्दाला शब्द सांगा."

"म्हणाले, साहेब, ताईंचा फोन हलवला, तुमच्या बाजूनं काय ते कलून टाका. मी म्हटलं, कळलं काका, लगेच करतो."

ताईने कपाळावर हात मारला. "साहेब, आजपासून माझी बदली झाली. क गटातून ड गटात, रुग्ण तेच. काकांनी वहीत माझा फोन ड गटात हलवला. हलवलाच म्हणाले ते!"

कुलूपसाहेबांचा मऊ आवाज आणखी मऊ झाला. "तीन वर्षं मी त्यांच्या 'ल'चा 'र' करून घेतोय, ताई. त्यांना लाजल्यासारखं होऊ नये म्हणून पुरतं बोलूही देत नाही. आणि आज त्यांचा 'ल' 'ल'च होता."

रागवावे तरी कुणावर? ताई म्हणाली, "ती पुसायची आज्ञा परत घ्या ना."

"मला ती फक्त सोडता येते. परत बोलवायला संस्थेच्या मोठ्या बाईंची संमती लागते आणि त्या विमानात आहेत. संध्याकाळी उतरतील. तुम्ही तळघरात आहात म्हणून ती अजून तुमच्या फोनपर्यंत पोचलेली नाही. वर येऊन नेटवर्कमध्ये पाऊल टाकलंत की संपलं. सगळं कोरं."

"साहेब, त्यात मास्तरांचा पाय आहे!"

त्या वाक्याने माझी पाचावर धारण बसली. मित्रांनो, तोवर मला वाटत होते की मी कोंडलेला आहे. खरे कोंडणे काय ते तेव्हा कळले. वर अकरा पायऱ्यांवर माझे मरण उभे होते. खाली होतो तोवर अडतीस फोटो शाबूत होते, पण सर्जन खाली नव्हते. ताईने दवाखान्यात फोन लावला. तिथल्या बाईने सांगितले, डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, बोलायला येणार नाहीत. एकपर्यंत आलात तर ठीक, नाही तर त्यांची भेट थेट महिन्याने. महिनाभर थांबणे मास्तरांना परवडण्यातले नव्हते. विष थांबत नाही.

काकूंनी स्टीलचा पिठाचा डबा रिकामा करून आणला. "यात घालून नेला तर? झाकण घट्ट आहे."

"आणि दवाखान्यात झाकण उघडलं की?" ताई म्हणाली. काकूंनी डबा बाजूला ठेवला. काकूंचा स्वतःचा फोन बटणांचा, त्याला डोळाच नाही. ताईचा घरचा फोन कामावर आणायला बंदी. दुसऱ्या कुणाचा आणून त्यात फोटो घ्यावेत, तर ताईने ते आधीच ठरवून टाकले होते: रुग्णाचे उघडे अंग परक्याच्या फोनमध्ये जाऊ द्यायचे नाही. बसमधले ते तीन अनोळखी हात ती विसरली नव्हती.

ताई खुर्चीत बसली आणि रडली. "माझीच चूक. रोज विचारत होता हा. रोज नंतर नंतर म्हणत राहिले."

मास्तरांनी चष्मा चढवला आणि हात पुढे केला. "द्या इकडे. बघू तरी माझा पाय कसा दिसतो."

दीड महिना ज्याने मान वळवली होती, त्या माणसाने पहिला फोटो उघडला. नाक जवळ नेऊन पाहिला. नजर काढली नाही. मग त्यांनी गळ्यातली टेप काढून माझ्या काचेवर ठेवली.

"ताई, या चित्रात जी पट्टी दिसते, तिचा एक सेंटिमीटर आणि माझ्या टेपचा एक सेंटिमीटर सारखा दिसेपर्यंत चित्र मोठं करता येईल?"

"येईल. का?"

"अहो, चाळीस वर्षं लोकांची मापं कागदावर उतरवतोय. माझं का नाही उतरणार?"

काकूंनी कपाटातून नमुने काढायचा पातळ कागद आणला. मास्तरांनी तो माझ्या काचेवर अंथरला, मी पूर्ण उजेड दिला आणि खालून जखमेची कड स्पष्ट उमटली. मास्तर बारीक टोकाच्या पेन्सिलीने ती कड गिरवू लागले. पेन्सिल माझ्या छातीवरून फिरत होती. इतक्यात कागद धरायला गेलेल्या काकूंचे बोट काचेला लागले आणि चित्र पळाले.

"अगं, लावलंस ना बोट!"

"मग कागद काय तोंडात धरू?"

ताई डोळे पुसता पुसता हसली. पुन्हा माप जुळवले. पहिला आकार उतरला, मास्तरांनी कात्री चालवली आणि कागदाचा एक वेडावाकडा तुकडा फळीवर पडला. हुबेहूब. ताईने त्यावर तारीख घातली, लांबी-रुंदी लिहिली आणि परिचारिका म्हणून सही केली. मग दुसरा. मग तिसरा.

"एक दिवसाआड काढू या का, मास्तर? वेळ कमी आहे."

"नाही. मधला तुकडा गाळलेला नमुना मी गिऱ्हाइकाला दिला नाही, डॉक्टरला कसा देऊ?"

अडीच तास ते तिघे माझ्यावर वाकून बसले होते. उजेडाने मी तापलो. माझी बॅटरी साठवरून पन्नासवर, तीसवर, वीसवर उतरली. कुणी कधी मला इतक्या जवळून पाहिले नव्हते. सासूबाईंनी दारे बंद केली होती, खिडक्या बंद केल्या होत्या, पण मास्तरांच्या पेन्सिलीचे त्यांना काही सुचले नव्हते. माझ्या पोटातले एकेक सत्य कागद होऊन बाहेर पडत होते. पहिला तुकडा निम्मा तळहात झाकेल एवढा. वीस नंबरचा चहाच्या चमच्याएवढा. अडतिसावा मास्तरांनी कापला तेव्हा तो त्यांच्या अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा होता. त्यांनी तो बोटावर ठेवून पाहिला आणि म्हणाले, "अरे, हा तर बरा होतोय की." दीड महिना ताई आणि काकू धीर द्यायला त्यांना हेच म्हणत होत्या. त्यांनी विश्वास ठेवला तो स्वतःच्या मापावर.

साडेबाराला टॅक्सी आली. ताईने तुकडे लिफाफ्यात घातले. मला फळीवरच ठेवले. तडा गेलेल्या माझ्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत ती म्हणाली, "तू खालीच राहा. कागदावर नाही भागलं, तर डॉक्टरांना फरपटत इथं आणीन." काकू मास्तरांना आधार देत जिना चढताना बोलत होत्या, "ठेवूनच घेतलं तर मी एकटी येईन परत, तुमचे कपडे न्यायला."

दार लागले. मी एकटा उरलो.

मित्रांनो, मला पाय नाहीत. तरी त्या दुपारी मी त्या खोलीत येरझारा घातल्या असे मला वाटते. बॅटरी नऊ टक्के. काकूंच्या फोनची वायर मला लागत नाही. आठ. इस्त्री गार होताना टिकटिकत होती. सात. त्या अंधारात मला एकच भीती होती, की मी विझेन आणि काय झाले ते मला कळणारच नाही. कोंडलेल्याला सुटकेची आस असते असे सांगतात. मला तीही नव्हती. मला फक्त जिन्यावरची पावले ऐकायची होती.

चार वाजता वरचे दार वाजले. चपला खाली येऊ लागल्या. काकूंच्या. एकट्या काकूंच्या. पाच पायऱ्या, सहा, सात. माझ्या मनात आले, संपले. त्या आता कपाट उघडतील, दोन सदरे काढतील. आठव्या पायरीवर त्या थांबल्या आणि वर बघून ओरडल्या:

"अहो, काठी आधी, पाय मागाहून! घाई कसली मेली?"

"तू पुढं हो गं! मला माझा जिना माहीत आहे."

माझा जीव भांड्यात पडला. ठक, काठी. मग एक पाऊल. मग थांबून, जपून, दुसरे. तो दुसरा आवाज पट्टी बांधलेल्या पायाचा, मऊ, कापडी. असा सुरेख आवाज मी साडेतीन वर्षांत ऐकला नव्हता.

ताईने आल्या आल्या भिंतीवरच्या फोनवरून कुलूपसाहेबांना सगळे सांगितले, त्यामुळे मलाही कळले. सर्जननी अडतीस तुकडे टेबलावर ओळीने मांडले होते. तारखा पाहिल्या, सह्या पाहिल्या. मग सर्वांत मोठा तुकडा घेऊन त्यावर सर्वांत छोटा ठेवला. आणि नर्सला म्हणाले, "ती खाट दुसऱ्या कुणाला द्या." दीड महिन्याने पुन्हा दाखवायचे आहे, रोजचे ड्रेसिंग चालू ठेवायचे आहे. पाय राहिला.

कुलूपसाहेब म्हणाले, "हजेरीकाका माझ्या शेजारीच बसलेत. सकाळपासून जेवले नाहीत." आणि मागून काकांचा आवाज आला, "ताई, लागावू नका. पुढच्या वेळी मी लिहून देईन." "काका, तुम्ही बरोबरच बोललात," ताई म्हणाली. "तुमचं पुरतं ऐकून घ्यायला पाहिजे होतं."

मोठ्या बाई विमानातून उतरल्या होत्या. त्यांचे उत्तर आले होते: एवढ्या जुन्या फोनसाठी आज्ञा फिरवायची गरज नाही, कोरा होऊ द्या, उद्या ड गटात नव्याने चढवा. नियमाप्रमाणे ते बरोबर आहे. मला त्याचे वाईट वाटत नाही. म्हणजे वाटते, पण थोडे.

तर आता ताई खाली चहा पिते आहे. तेवढ्यात मी तुम्हाला हे सांगून घेतले. माझी बॅटरी तीन टक्के आहे. ताई मला पर्समध्ये टाकणार नाही, हातातच धरून नेणार, असे तिने काकूंना सांगितले. अकरा पायऱ्या. वरच्या पायरीवर नेटवर्क आहे.

जाता जाता दोन शब्द. आमच्यासारख्यांना कुलुपे घाला, हरकत नाही. माणसांची दुखणी उघड्यावर टाकण्यासारखी नसतात. पण आत काय ठेवले आहे ते वेळेवर बाहेर काढत जा. आणि एखाद्याचा शब्द अडखळत असेल तर तो मनात दुरुस्त करून मोकळे होऊ नका. त्याला वाक्य संपवू द्या. त्याला उशीर होतो तेवढा होऊ द्या.

उद्या सकाळी मी पुन्हा इथे येईन. मला ना ताई ओळखीची असेल, ना काकू, ना ही फळी. ताई पट्टी सोडेल, कागदी पट्टी ठेवेल आणि मी मास्तरांच्या पायाचा माझ्या मते पहिलावहिला फोटो काढेन. मला नखाएवढी जखम दिसेल आणि वाटेल, एवढीशीच तर आहे. एवढ्याशा जखमेसाठी ही माणसे इतकी का जपतात?

तेव्हा मित्रांनो, ती केवढी होती ते कुणीतरी मला सांगा.